रोव्हेरेतोच्या किल्ल्यात फियाट-रेव्हेल्ली

व्हेरोनाहून उत्तरेला ट्रेंतोकडे जाणारी गाडी आदिजे नदीच्या काठाकाठाने धावते. दोन्ही बाजूंचे डोंगर हळूहळू जवळ येतात, मधल्या पट्ट्यात द्राक्षांचे मळे, आणि तासाभरात रोव्हेरेतो येतं. 1915 मध्ये इटलीने पहिल्या महायुद्धात उडी घेतली तेव्हा हे गाव ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं. आघाडी गावाच्या दक्षिणेला येऊन भिडली आणि लोकांना घरंदारं सोडून जावं लागलं. इथल्या किल्ल्यात 1921 साली युद्धसंग्रहालय उघडलं. मुलगी नोकरीनिमित्त मिलानला असते, तिच्यासोबत मी ते बघायला गेलो. खरं सांगायचं तर मी एका यंत्रासाठी गेलो होतो. सगळी नोकरी मशीन शॉपमध्ये झाली, त्यामुळे कुठल्याही यंत्राची रचना कळेपर्यंत पाय पुढे निघत नाहीत.

ते यंत्र म्हणजे फियाट-रेव्हेल्ली, मॉडेल 1914. आबिएल बेथेल रेव्हेल्ली या इटालियन अभियंत्याची ही मशीनगन. सैन्याने आधी मॅक्सिम या पट्ट्यावर चालणाऱ्या मशीनगनला पसंती दिली होती. पण महायुद्ध पेटलं, ब्रिटनला स्वतःलाच मॅक्सिम-व्हिकर्स जातीच्या बंदुका पुरेनात, तेव्हा मागे पडलेला हा देशी आराखडा पुढे आला आणि तुरीनच्या फियाटने तो बनवायला घेतला. लांबून बघितलं तर मॅक्सिमचीच बहीण वाटावी: पाण्याचं जाड जाकीट, तिवई, मागे दोन मुठी. डाव्या बाजूला गेलं की फरक कळतो. काडतुसांचा पट्टा जिथे शिरायला हवा तिथे पत्र्याची एक आडवी पेटी घुसते.

या पेटीत शेजारी शेजारी 10 कप्पे, प्रत्येकात 6.5 मिलीमीटरची 5 काडतुसं एकावर एक, एकूण 50. एका कप्प्यातली पाचही संपली की यंत्र अख्खी पेटी एक घर उजवीकडे सरकवतं आणि पुढचा कप्पा बोल्टसमोर, म्हणजे काडतूस नळीत ढकलून मागून तोंड बंद करणाऱ्या सरकत्या भागासमोर येतो, टाइपरायटरचा कॅरेज सरकावा तसा. शेवटचा कप्पा संपला की रिकामी पेटी उजवीकडून बाहेर. काचेला नाक लावून मी त्या कप्प्यांच्या कडा बघत होतो. इतक्या पातळ पत्र्याच्या वस्तूवर सगळी अचूकता टाकलेली! खंदकात एखादा कप्पा जरा चेपला तरी पेटी अडकणार.

"बाबा, मग साधा पट्टाच का नाही लावला?" मुलीने विचारलं.

प्रश्न रास्त होता. त्या काळचे पट्टे कापडी असत, ते भिजले की फुगत आणि काडतूस सुटायला त्रास देत. ताठ पेटीला ती भीती नाही, म्हणून कल्पना अगदीच वेडी नव्हती. पण इटालियन शिपायाच्या कार्कानो रायफलची क्लिप, म्हणजे काडतुसं एकत्र धरणारी पट्टी, 6 काडतुसांची आणि इथला कप्पा 5 चा! काडतूस तेच असूनही क्लिप उचलली आणि कप्पा भरला असं होत नाही. जपान्यांनी 1922 च्या टाइप 11 मशीनगनमध्ये नेमकं हेच जमवलं. तिच्या हौद्यात रायफलच्या 5-5 काडतुसांच्या 6 क्लिपा तशाच रचता येत.

मला जास्त रस होता तो बोल्टमध्ये. मॅक्सिममध्ये गोळी सुटताना बोल्ट पक्का कुलूपबंद असतो. रेव्हेल्लीने तसं कुलूप ठेवलं नाही. बोल्टच्या खाचेत एक झुलती पाचर बसते. गोळी सुटली की नळी आणि बोल्ट थोडं अंतर जोडीने मागे येतात, तेवढ्यात पाचर फिरते, बोल्ट मोकळा होतो आणि एकटा मागे जातो. म्हणजे पाचर बोल्टला अडवत नाही, फक्त उशीर करते. आणि तो उशीर कमी पडतो. चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतूस बसायच्या जागेत, दाब असतानाच पुंगळी (काडतुसाचं रिकामं कवच) ओढली जाते, तिच्या भिंती चेंबरला चिकटलेल्या असतात, त्यामुळे ती अडकते किंवा फाटते. उपाय काय, तर वरच्या बाजूला तेलाचा पंप. प्रत्येक काडतूस तेल पिऊनच आत जाणार. शॉप फ्लोअरवर काम केलेल्या कुणालाही पुढचं सांगावं लागत नाही. तेल तिथे धूळ, आणि धूळ तिथे घासणं, अडकणं. त्यात बोल्टसोबत मागेपुढे होणारा एक दांडा उघड्यावरच धावतो आणि गोळीबार करणाऱ्याच्या मुठींच्या अगदी पुढ्यात येऊन धक्का झेलणाऱ्या बफरवर आदळतो. ती जागा बघून माझी बोटं आपोआप आखडली.

तरी तेलाचा दोष एकट्या रेव्हेल्लीच्या माथी मारू नये. समोरच्या डोंगरावर ऑस्ट्रियनांकडे होती श्वार्झलोझे मशीनगन, तीही कुलूप नसलेली. तिच्या 1907 च्या मॉडेलमध्येही काडतुसाला तेल देणारा पंप होता. पण तिचा बोल्ट जड, स्प्रिंग दणकट, नळी आखूड. गोळी लवकर बाहेर पडते, तोवर जड बोल्ट जागचा फारसा हलत नाही, आणि काडतुसं सरळ कापडी पट्ट्यातून येतात. कल्पना एकच, पण एकाने ती कमी भागांत बसवली, दुसऱ्याने भाग वाढवत नेले. माझ्या मते फियाटचं खरं दुखणं हेच.

1935 मध्ये इटालियनांनी जुन्या बंदुका सुधारायला घेतल्या. पेटीऐवजी पट्टा, पाण्याऐवजी हवेने थंड होणारी जाड नळी, 8 मिलीमीटरचं दमदार काडतूस, आणि तेलाचा पंप काढून, पुंगळी चिकटू नये म्हणून चेंबरमध्ये खाचा. मूळ पाचर मात्र तशीच राहिली. काडतूस वाढलं, दाब वाढला, पुंगळ्या पुन्हा रुसल्या. शिवाय तापलेल्या चेंबरमध्ये थांबलेलं काडतूस चाप न दाबताच उडायचा धोका आला. पुढे दुसऱ्या महायुद्धात, 1941 च्या मार्चमध्ये, एरिट्रियातल्या केरनच्या कड्यांवर पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण इटालियन मशीनगनांच्या माऱ्यात चढली. यंत्रातल्या उणिवा मी सुरक्षित काचेमागून मोजतो, तिथे त्या पोरांना अशा माऱ्यात उभा चढ चढायचा होता. हे मुलीला सांगितलं तेव्हा आम्ही दोघंही त्या नळीकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो.

जाणाऱ्यांनी अर्धा दिवस तरी हाताशी ठेवावा. मोठ्या तोफा किल्ल्याखालच्या जुन्या हवाई हल्ल्याच्या निवाऱ्यात मांडल्या आहेत, त्या चुकवू नका. अंगात जोर असेल तर पासुबिओ डोंगरावर 1917 मध्ये खोदलेल्या 52 बोगद्यांची वाट आहे, पण तिला वेगळा दिवस हवा आणि बर्फ वितळलेलं हवं. आणि यंत्रांची आवड असेल तर आधी श्वार्झलोझेचं नीट वाचून, चित्रं बघून या. तिचा साधेपणा डोक्यात असला की फियाटच्या त्या 10 कप्प्यांमागची धडपड पटकन कळते.