हसणाऱ्यांचे संवाद

ईस्टरआधीच्या उपवासकाळात आमच्या शाळेत येशूच्या दुःखसहनाचे नाटक बसायचे. येशू व्हायला कोणी पटकन तयार नसे. शिपायांच्या प्रवेशात त्याला एकही वाक्य नव्हते. शिपाई व्हायला मात्र झुंबड. भाला मिळायचा, शिवाय सिस्टरांसमोर खदाखदा हसायची मुभा! मी शिपाई होतो. तालमीत सिस्टर म्हणाल्या, "हसा हवं तेवढं, पण शब्द खाऊ नका. इथे खरं बोलतात ते हसणारेच."

तेव्हा ते डोक्यावरून गेले. पुढे शुभवर्तमाने, म्हणजे बायबलमधली येशूची चरित्रे, सावकाश वाचली तेव्हा उमगले. राजवस्त्र, काट्यांचा मुकुट, हातात राजदंड म्हणून वेत, मग गुडघे टेकून "हे यहूद्यांच्या राजा, नमस्कार!" राज्याभिषेकातले काहीच शिपायांनी सोडलेले नाही. क्रूस ही रोमनांची गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची शिक्षा. जीव घ्यायचाच, पण आधी चारचौघांत लाज काढायची. म्हणजे थट्टा हा शिक्षेचाच भाग होता. शिक्षा देणाऱ्या रोमन सुभेदार पिलाताने तर "यहूद्यांचा राजा" ही पाटी तीन भाषांत लावली. यहूद्यांच्या याजकांनी हरकत घेतली, "'मी राजा आहे' असं तो म्हणाला, एवढंच लिहा." पिलात बधला नाही. त्याला बहुधा यहूद्यांनाच डिवचायचे होते, पण येशूचे राजेपण त्यानेच साऱ्या जगाला वाचता येईल असे लिहून ठेवले.

सगळ्यात बोचरे वाक्य याजकांचे आहे: "त्याने दुसऱ्यांना वाचवले, त्याला स्वतःला वाचवता येत नाही." ख्रिस्ती श्रद्धेच्या दृष्टीने हे अक्षरशः खरे. दोन्ही एकदम होण्यासारखे नव्हते. तो खाली उतरला असता तर दुसऱ्यांचे वाचणे तिथेच संपले असते. "त्याने देवावर भरवसा ठेवला, देवाने सोडवावे" हा टोमणाही यहूद्यांच्या जुन्या धर्मशास्त्रातल्या 22व्या स्तोत्रातला. धर्मशास्त्र तोंडपाठ असलेली माणसे त्यातल्या दुर्जनांचे संवाद म्हणत होती, आणि त्याच स्तोत्राची पहिली ओळ क्रूसावरून ऐकू आली, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" प्रवचनांत या लोकांना राक्षस करून टाकतात, ते मला पटत नाही. कंटाळलेले शिपाई आणि वाद जिंकल्याच्या आनंदातले विद्वान, एवढेच ते होते.

क्रूसावरील येशूच्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी एक टिंगलखोरानेच काढलेले आहे. रोममध्ये पॅलेटाइन टेकडीवर 1857 मध्ये ते भिंतीवर कोरलेले सापडले. सम्राटाच्या पदरच्या गुलाम मुलांना शिकवण्याची ती जागा असावी, असे मानतात. क्रूसावर गाढवाच्या डोक्याचा माणूस, समोर हात वर केलेला एक मुलगा आणि खाली ग्रीकमध्ये, "आलेक्सामेनोस देवाची पूजा करतो." आमच्या बाकांवर करकटकाने काय काय कोरलेले असायचे ते आठवले, तर वर्गबंधूंनी हे केले असेल याचे नवल वाटत नाही. शेजारच्या खोलीत वेगळ्या हाताने कोरले आहे: "आलेक्सामेनोस श्रद्धावान." त्याला चिडवणाऱ्याचे नाव मात्र कुठेच नाही.