शिंद्यांचे फिरंगी सरदार आग्र्यात का पुरले आहेत?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या छत्री बाजारात शिंदे घराण्याच्या छत्र्या, म्हणजे समाध्या, पाहून झाल्या, की हा प्रश्न हमखास येतो: महादजींच्या कवायती फौजेतले गोरे अधिकारी कुठे पुरले? ग्वाल्हेरात त्यांच्या कबरी का नाहीत? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सविस्तर लिहितो. त्यासाठी आग्र्याला जावं लागतं, आणि आपल्याकडून मराठी माणसं तिथे फार कमी जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ग्वाल्हेर शिंद्यांची राजधानी झाली १८१० मध्ये, दौलतरावांची छावणी पडून लष्कर वसलं तेव्हा. महादजींचा फिरंगी सेनापती द बॉयन याने उभारलेल्या पलटणी मात्र १८०३ च्या इंग्रज युद्धातच मोडल्या होत्या. त्या फौजेच्या तोफा आणि दारूगोळ्याचं मोठं ठाणं होतं आग्रा. १७८७-८८ मध्ये मोगल सरदार इस्माईल बेगने वेढा घातला तेव्हा शिंद्यांचे सरदार लखबादादा लाड यांनी हाच किल्ला झुंजवला. अधिकाऱ्यांचे संसार त्या मुलखात, तेव्हा मातीही तिथलीच. खुद्द द बॉयन आणि त्याच्या मागून आलेला पेराँ हे दोघे सेनापती युरोपात परतले. द बॉयन १८३० मध्ये शांबेरीला वारला, पेराँ १८३४ मध्ये फ्रान्समध्ये. पण पेराँची चार मुलं आग्र्यातच पुरलेली आहेत.

या कबरी जिथे आहेत ती आग्र्याची रोमन कॅथलिक दफनभूमी शिंद्यांहून बरीच जुनी. जमीन अकबराच्या काळात ख्रिस्ती वस्तीला मिळालेली. आतली सर्वांत जुनी इमारत म्हणजे ख्वाजा मार्टिरोस या आर्मेनियनाच्या नावाची १६११ ची कबर. हिलाच पाद्री सांतुसची चॅपल म्हणतात. आत पाद्र्यांच्या कबरी आहेत. संस्कृतचं व्याकरण लिहिणारा जर्मन जेझुइट हाइनरिख रोथ १६६८ मध्ये आग्र्यातच वारला. दुसरा जेझुइट पाद्री टीफेनथालर १७८५ मध्ये लखनौला वारला आणि त्याला इथे आणून पुरलं. हा टीफेनथालर आपल्या शेजारच्या नरवरला अनेक वर्षं होता, म्हणून ग्वाल्हेरकरांनी त्याचा दगड आवर्जून शोधावा. इंग्रज व्यापारी जॉन मिल्डनहॉलची १६१४ ची कबरही इथलीच. सम्रू, म्हणजे भाडोत्री फिरंगी सरदार वॉल्टर राइनहार्ट, १७७८ मध्ये गेला. त्याची कबर आठकोनी आहे. त्याची बेगम सम्रू मात्र इथे नाही, ती मेरठजवळच्या सरधन्याला.

आता हेसिंग. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर हाच. जॉन विल्यम हेसिंग हा हॉलंडच्या उट्रेख्टचा. १७८४ मध्ये महादजींच्या चाकरीत आला, पुढे द बॉयनशी बिनसल्यावर त्याच्या पलटणी सोडल्या, पण शिंद्यांना सोडलं नाही. महादजींबरोबर पुण्याला गेला, आणि शेवटी आग्र्याचा किल्लेदार झाला. २१ जुलै १८०३ ला तो वारला. वय ६३ वर्षं, ११ महिने, ५ दिवस, असं लेखात कोरलंय. दौलतराव शिंद्यांचा कर्नल हेही त्यातच. विधवा अ‍ॅन आणि मुलांनी त्याच्यावर तांबड्या दगडाचा घुमटदार मकबरा बांधला. लोक त्याला लाल ताज म्हणतात. ताजसारखे सुटे मिनार इथे नाहीत. मला हा मकबरा ताजच्या नकलेपेक्षा शिंदेशाहीच्या उत्तरेतल्या शेवटच्या दिवसांची खूण म्हणून जास्त मोलाचा वाटतो. हेसिंग गेल्यावर तीन महिन्यांच्या आत, ऑक्टोबर १८०३ मध्ये, इंग्रज सेनापती जनरल लेक याने आग्र्याचा किल्ला घेतला. लेखात नाव असलेला मुलगा जॉर्ज म्हणजे १८०१ मध्ये उज्जैनला यशवंतराव होळकरांकडून हरलेला तोच. आणि मुलगी मॅग्डलीन सदरलंड ही शिंद्यांच्याच दुसऱ्या फिरंगी सरदाराची बायको. एका दगडावर एवढी मराठी हकीकत आहे.

जायचं कसं? ग्वाल्हेरहून मुरैना, धौलपूरमार्गे आग्रा साधारण १२० किलोमीटर. रिक्षावाल्याला ‘ताज’ किंवा नुसतं ‘गोरा कब्रिस्तान’ सांगू नका, भलत्याच ठिकाणी नेतील. आग्र्यात छावणीतही इंग्रजी कबरी आहेत. भगवान टॉकीज, दिवाणी कोर्टाजवळ, एम. जी. रोडच्या उत्तर टोकाला, असं सांगा.

लेख वाचायला सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा. तिरप्या उजेडात खोदीव अक्षर उठून दिसतं. भर दुपारी जुना दगड सपाट वाटतो. ढग असतील तर बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून, एका बाजूने धरा आणि चारही बाजूंनी वेगवेगळे फोटो घ्या. खडू, पीठ, तेल काही चोळू नका. वालुकाश्म जमिनीतली ओल ओढतो, ओलीबरोबर क्षार वर येतात, ते पृष्ठभागाखाली साठून दगडाचे पापुद्रे सुटतात. हात फिरवला तरी अक्षर गळून पडतं. सांध्यांत सिमेंट भरलं की ओल बाहेर पडायची वाटच बंद होते आणि झीज वाढते. चुन्याचे हात बसले असतील तिथे खोदणी बुजलेली असते, तीही नखाने कोरायची नाही.

नावं लेखात वेगळीच दिसतील. मिल्डनहॉलचं नाव पोर्तुगीजमध्ये ‘जोआ द मेंदेनाल’ असं आहे, आणि सम्रूचा लेखही पोर्तुगीज. म्हणून आडनाव शोधण्याआधी मृत्यूचं साल शोधा. आकडा बहुतेक वेळा अक्षरांपेक्षा लवकर लागतो. घरून निघण्यापूर्वी ब्लंट यांची संयुक्त प्रांतातल्या (आजच्या उत्तर प्रदेशातल्या) ख्रिस्ती कबरींची १९११ ची यादी चाळून घ्या. आज दगडावर अक्षर उरलं नसेल, तर त्याचा मजकूर तिथे मिळण्याची शक्यता चांगली असते.