झऱ्याचं तोंड

काँगोच्या कोंगो-सेंत्राल प्रांतात, म्बान्झा-न्गुंगूच्या परिसरात आम्ही गावांसाठी झरे बांधतो. खाली चुनखडक, त्यात गुहा. त्यांतल्या आंधळ्या माशाचं शास्त्रीय वर्णन १९२१ सालीच झालंय, पण आमच्या मुख्य कचेरीतले नकाशे बघितले तर खाली सपाट मुरूम आहे असंच वाटावं.

लोकांना वाटतं, झऱ्याभोवती चार भिंती घातल्या की झालं. तसं नसतं. पाणी बाहेर काढणारा पाइप झऱ्याच्या मूळ पातळीच्या खालीच हवा. वर बसवला की आत पाणी तुंबतं, उलटा दाब येतो, आणि चुनखडकात पाण्याला दुसरी वाट शोधायला वेळ लागत नाही. झरा फुटतो कुठेतरी खालच्या ओढ्यात, आणि कोरड्या टाकीचं उद्घाटन होतं. आमच्या आराखड्यात पाइप वरच होता, नळाला जोर यावा म्हणून.

गावचे म्हातारे मुखिया माडीची वाटी पाण्याकाठी ओतून म्हणाले, ''इथे सिम्बी राहतात. कोंडलंत तर निघून जातील, पाणीही जाईल.'' सिम्बी म्हणजे झरे, डोह, विचित्र आकाराचे दगड यांत वसणारी दैवतं. पाऊस मात्र खाली समुद्राकाठच्या वोयो लोकांच्या बुन्झी या दैवताकडे. मला आपल्या विहिरीवरच्या सातीआसरा आठवल्या. आमचा सुपरवायझर याच भागातला, पण नव्या चर्चचा. ''ही भुतं आहेत, बांधून टाका,'' म्हणाला. परक्यापेक्षा घरचाच माणूस जास्त कडक, हे मी इथे नेहमी बघतो.

१८४३ मध्ये दक्षिण कॅरोलायनात एडमंड रफिन या शेतीतज्ज्ञाने तिथल्या गुलामांच्या अशाच समजुतीची नोंद केली आहे: चुनखडकातल्या झऱ्यांत 'सिम्बी' असतात. तिथेही चुनखडकच, हे वाचल्यापासून डोक्यातून जात नाही.

शेवटी तोंड उघडंच ठेवलं. खालच्या अंगाला बुटकी भिंत, मागे खडी, पाइप खाली. अहवालात 'उलटा दाब टाळण्यासाठी' असं लिहिलं, ते खरंही आहे. सुपरवायझर म्हणतो, अर्धंच लिहिलंत.

पण उघड्या तोंडात पालापाचोळा, बेडूक, शेळ्यांची घाण, सगळंच जाणार. म्हणजे क्लोरीन टाकावं लागणार, आणि ते मुखियांना अजून विचारायचंय.