चारच लिहा, मॅडम

कोव्हिशील्डची वायल, म्हणजे लशीची कुपी, एकदा उघडली की चार तासांत संपवावी लागायची. एका वायलमध्ये दहा डोस. म्हणून आठ-दहा माणसं जमेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही, हे त्या वर्षभरात आम्हा सगळ्या सिस्टरांच्या अंगवळणी पडलं होतं. २४ ऑगस्ट २०२१, मंगळवार. दुपारचा दीड वाजला तरी माझ्यासमोर तिघंच बसले होते. एक आचारी, एक वॉचमन आणि ऑक्टोपॅड वाजवणारा एक पोरगा. यादीत ४६ नावं होती, कॅरिअरमध्ये पाच वायल होत्या आणि बाहेर सकाळपासून रिपरिप चालू होती.

जागा म्हणजे ठाणे-बेलापूर रस्त्याजवळच्या एका ऑर्केस्ट्रा बारचा, म्हणजे स्टेजवर गाणं-बजावणं चालणाऱ्या बारचा, हॉल. शिबिर खरं तर एका समाजमंदिरात ठरलं होतं. टेबलं कुठे लावायची, रांग कुठून आत घ्यायची, सगळं बघून आलो होतो. आदल्या संध्याकाळी समितीतून फोन आला. ‘शिबिर कोणासाठी आहे ते तुम्ही आधी बोलला नाहीत. दुसरीकडे बघा.’ मग एका बारवाल्यानं आपला हॉल दिला आणि आसपासच्या दोन-तीन बारमधल्या लोकांची तिथेच सोय केली.

दिवसाउजेडी तो हॉल बघून मला वाईट वाटलं. रंगीत दिवे बंद होते आणि ट्यूबलाइटच्या उजेडात भिंतभर लावलेल्या आरशांवरचे पाण्याचे ओघळ दिसत होते. रेक्झिनच्या सोफ्यांना कुबट वास येत होता. वीतभर उंचीच्या स्टेजवर कीबोर्ड चादरीत गुंडाळून ठेवला होता. मार्च २०२० मध्ये लागलेलं कुलूप ऑक्टोबरात निम्म्या क्षमतेनं निघालं होतं, ते एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा लागलं. जिथे बाटल्या मांडत असतील त्या काउंटरवर मी रिअ‍ॅक्शनसाठीच्या औषधांचं किट ठेवलं. स्टेजसमोरच्या सोफ्यांवर निरीक्षण कक्ष केला. लस घेतल्यावर अर्धा तास तिथे बसायचं.

मी एएनएम, म्हणजे घरोघर फिरणारी आरोग्यसेविका आहे. या भागात अकरा वर्षं काम करते, गावठाणातल्या चाळी आणि इमारती मला जिन्यांसकट पाठ आहेत. पल्स पोलिओच्या वेळी सकाळी दहा वाजता दारं ठोठावत फिरायचं, दार उघडलं नाही तर खडूनं फुली मारून पुढे जायचं आणि नंतर परत यायचं, ही आमची पद्धत. काही खोल्यांवर प्रत्येक वेळी फुलीच पडायची. आत माणसं आहेत हे बाहेरच्या चपलांवरून कळायचं. शेजारीण म्हणायची, ‘बारवाल्या आहेत, झोपल्यात.’ मी फुली मारायचे आणि खाली उतरायचे. परत गेले तरी सकाळीच जायचे. संध्याकाळी चारला जाऊन बघावं असं मला अकरा वर्षांत सुचलं नाही, ही गोष्ट त्या दुपारी रिकाम्या हॉलमध्ये बसल्यावर मनाला फार लागली.

शिबिरात मदत करणाऱ्या संस्थेच्या ज्या ताईंनी यादी केली होती त्या म्हणाल्या, ‘सिस्टर, तीनला येतील. घाई करू नका.’ रात्रीचा धंदा बंद असला तरी झोपेचं चक्र इतक्या वर्षांचं. शिवाय निम्म्या जणींनी दिवसाची कामं धरली होती. कोणी रबाळे एमआयडीसीत पॅकिंगला जात होती, कोणी सोसायट्यांमध्ये लादी-भांडी करत होती. कामाची पाळी संपल्यावर त्या येणार होत्या.

आणि खरंच, तीन वाजले तशा त्या आल्या. छत्र्या दाराशी, ओढण्या डोक्यावरून, मास्क नाकापर्यंत. दोन दिवसांपूर्वीच राखीपौर्णिमा झाली होती, बऱ्याच जणींच्या मनगटावर राख्या होत्या. बघता बघता सोफे भरले. मी पहिली वायल काढली.

इथे थोडा हिशेब सांगते, कारण त्याशिवाय त्या बायका इतक्या कासावीस का होत्या ते कळणार नाही. १५ ऑगस्टपासून हॉटेलं आणि बार रात्री दहापर्यंत उघडायला परवानगी मिळाली होती. अट अशी की कामगाराचे दोन्ही डोस झालेले हवेत आणि दुसऱ्या डोसला चौदा दिवस उलटलेले हवेत. दोन डोसमध्ये तेव्हा ८४ दिवसांचं अंतर होतं. म्हणजे आज पहिला डोस घेणारी बाई ९८ दिवसांनी कामाला उभी राहणार. पगार चालू असलेल्या माणसाला हे सांगणं निराळं. यांना पगार नाही. मिळालेल्या टिपेतला वाटा हीच कमाई, आणि ती दीड वर्षात जवळपास शून्यावर आलेली.

मदत कुठून मिळाली असेल? सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्य सरकारनं ऑक्टोबर ते डिसेंबर २०२० या तीन महिन्यांसाठी देहविक्री करणाऱ्या महिलांना दरमहा ५००० रुपये दिले, मुलं शाळेत जात असतील तर वर २५०० रुपये. तो निर्णय चांगलाच होता. पण बारमध्ये गाणारी बाई त्या यादीत बसत नाही आणि हॉटेल कामगारांच्या हजेरीपटावरही ती नसते. एक जण दंड पुढे करता करता मला म्हणाली, ‘ताई, त्या यादीत नाव घाल म्हणाले होते मला. पाच हजार मिळाले असते. पण मी ते काम करत नाही, तर लिहून कशी देऊ? उद्या तो कागद माझ्या मुलीच्या हाताला लागला तर?’ मी सुई टोचली. उत्तर काय देणार होते मी?

चारच्या सुमाराला मॅनेजर माझ्या टेबलाशी आला. बोलायला सभ्य माणूस, पण चेहऱ्यावर घाम. ‘मॅडम, आमच्या बारच्या नावापुढे सिंगर चारच लिहा.’

मला आधी कळेना. समोर त्याच्या एकट्या बारच्या अकरा जणी बसल्या होत्या.

ऑर्केस्ट्रा बारच्या परवान्यात तेव्हा अट होती की स्टेजवर आठच कलाकार, त्यात चार पुरुष आणि चार महिला. त्यामुळे कागदावर चार जणी. बाकीच्या सात जणी कागदावर नव्हत्याच. महापालिकेच्या रजिस्टरमध्ये अकरा नावं गेली, ती उद्या कोणाच्या हातात पडली, तर परवान्याचं काय, ही त्याची भीती होती. (पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चार-चारची ही अट रद्द केली. कलाकार आठच, पण त्यात बायका किती आणि पुरुष किती हे सरकारनं ठरवायचं नाही, असा तो निकाल. त्या दिवशी मात्र अट जिवंत होती.)

‘मग बाकीच्या कोण?’ मी विचारलं.

‘घाला ना काहीही. साफसफाई. पाहुण्या.’

मागच्या सोफ्यावरून एक जण पटकन म्हणाली, ‘हम मेहमान हैं क्या?’ आणि सगळ्या गप्प झाल्या.

माझा आवाज चढला. रुग्णांसमोर सहसा मी चढू देत नाही. मी म्हटलं, ‘दादा, मला परवान्यातलं काही कळत नाही. जितके दंड माझ्यासमोर येतील तितकी नावं मी लिहिणार. एकही कमी नाही.’ पदाच्या रकान्यात मी आचाऱ्यापासून सगळ्यांपुढे एकच शब्द लिहिला, कर्मचारी. तो थोडा वेळ उभा राहिला, मग सगळ्यांसाठी चहा सांगायला गेला. चहाबरोबर बटरही आणा म्हणून मी ओरडून सांगितलं, कारण पाच-सहा जणी मंगळवारच्या उपासाच्या निघाल्या होत्या आणि एकीला टोचल्यावर घेरी आली होती.

बहुतेकींकडे आधार कार्ड होतं. पत्ता गावाकडचा, फोटो जुना, नाव बारमधल्या नावापेक्षा वेगळं, पण होतं. पाच जणींकडे काहीच नव्हतं. अशा लोकांसाठी केंद्र सरकारची ६ मेची सूचना होती: ज्यांच्याकडे ओळखपत्र नाही त्यांची खास सत्रात नोंद करता येते, कोणीतरी ओळख असलेली जबाबदार व्यक्ती पुढे हवी, मोबाइल नंबरचीही सक्ती नाही. संस्थेच्या ताईंनी महिनाभर खेटे घालून ती मंजुरी आणली होती. नाव, जन्मवर्ष, स्त्री की पुरुष, एवढंच लागणार होतं.

चौघींचं झालं. पाचवी सगळ्यांत शेवटी आली. छत्तिशीची असेल. बारमध्ये तिला ज्या नावानं हाक मारत होते ते एखाद्या नटीचं असावं तसं होतं. डेटा ऑपरेटरनं विचारलं, ‘नाम?’ ती काही बोलेना. पुन्हा विचारल्यावर तिनं मान वळवून मॅनेजर कुठे आहे ते पाहिलं. मग माझ्याकडे बघून, इतका वेळ हिंदीत बोलणारी ती बाई स्वच्छ मराठीत म्हणाली, ‘सिस्टर, कोणतं सांगू? खरं सांगितलं तर चालेल?’

‘खरंच लागतं,’ मी म्हटलं. ‘सर्टिफिकेटवर येणार.’

‘माझ्याकडे त्याचा पुरावा नाही.’

मी तिला स्टेजच्या कडेला बसवलं. शेवटची वायल उघडून दोन तास झाले होते, वेळ होता. तिनं सांगितलं ते असं. २००५ मध्ये ती वीस वर्षांची, कल्याणला वालधुनीच्या काठावर भाड्याच्या खोलीत राहायची आणि पनवेलकडच्या एका बारमध्ये नाचायची. २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे आपण सगळे सांगतो, पण त्या दिवशी कल्याण, उल्हासनगर, बदलापूरही पाण्याखाली होतं. ती दोन दिवसांनी चालत खोलीवर पोचली तेव्हा पाणी ओसरलं होतं आणि पत्र्याची पेटी गेली होती. पेटीत रेशनकार्डाची प्रत, सातवीचा शाळेचा दाखला आणि आईचा फोटो. ‘चिखल काढत होते, तेवढ्यात आमचा धंदाही गेला,’ ती म्हणाली. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टपासून राज्यात डान्सबार बंदी लागू झाली, पुरानंतर बरोबर वीस दिवसांनी. शहर सावरत होतं, पंचनामे होत होते, मदत वाटली जात होती. तिच्याकडे मदत मागायला कागद नव्हता आणि कमवायला जागा.

ती गावी गेली. गावात ठेवून घेतलं नाही. २००६ च्या एप्रिलमध्ये उच्च न्यायालयानं बंदी रद्द केल्याचं कळलं म्हणून परत आली, पण प्रकरण वर गेलं आणि नाच सुरू झालाच नाही. मग तिनं माइक हातात घेतला. ‘गळा नव्हता हो मला. रेडिओ लावून लावून शिकले. माझ्याबरोबरच्या कितीतरी जणी अशाच शिकल्या.’ थोडं थांबून म्हणाली, ‘पंधरा ऑगस्टला बंद झालं, आता पंधरा ऑगस्टलाच उघडलं. मधे सोळा वर्षं गेली. मी कुठेच लिहिलेली नाही.’

मी तिच्यापुढे रजिस्टरचा मागचा कोरा कागद आणि पेन ठेवलं. तिनं सावकाश, शाळेतल्या मुलीसारखं रेघ ओढून नाव लिहिलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. आडनावातली वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ यावर अडली, दोनदा खोडली. तिचं नाव मी इथे देणार नाही, ते तिचं आहे. जन्मवर्ष १९८५.

मी डाव्या दंडाला अर्धा मिलिलिटर टोचलं आणि कापूस दाबून धरायला सांगितला. अर्धा तास ती सोफ्यावर बसून राहिली. निघताना सर्टिफिकेटची प्रिंट मागितली. प्रिंटर आमच्याकडे नव्हता. ऑपरेटर पोरगा म्हणाला, ‘मावशी, मी सायबर कॅफेतून काढून ताईंकडे देतो,’ आणि दुसऱ्या दिवशी त्यानं खरंच दिली, स्वतःच्या पैशानं लॅमिनेशन करून.

त्या दिवशी ४४ डोस झाले. सहा वाया गेले, त्याचं कारण मला वरती लेखी द्यावं लागलं. मी लिहिलं, ‘लाभार्थी उशिरा आले.’ खरं तर शिबिराची वेळ आम्ही चुकीची ठेवली होती. पुढच्या खेपेला मी दुपारी तीनची वेळ मागून घेतली.

८४ दिवस १६ नोव्हेंबरला भरले, दिवाळी होऊन गेली होती. या वेळी हॉल वगैरे नाही, त्या आमच्या आरोग्य केंद्रातच आल्या, बाकीच्या लोकांच्या रांगेत. पावणेचारच्या सुमाराला ऑपरेटरनं यादीतलं पुढचं नाव पुकारलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

कोणी उठलं नाही. बाकावरच्या सहा-सात जणी एकमेकींकडे बघायला लागल्या. ‘ये कौन है?’ एकीनं दुसरीला विचारलं. दहा-दहा वर्षं त्या एका स्टेजवर उभ्या राहिलेल्या, एका खोलीत राहिलेल्या.

ऑपरेटरनं पुन्हा पुकारलं. मागच्या भिंतीशी बसलेली ती उठली, लॅमिनेशन केलेला कागद छातीशी धरून पुढे आली आणि बाकाशी थांबून त्यांना म्हणाली, ‘मी. माझंच नाव आहे ते.’