केप टाउनचा वारा आणि स्टेलनबॉशची द्राक्षे

मार्चअखेरीस आमची बाग उतरली, बेदाण्याचा माल शेडवर वाळत पडला आणि एप्रिलच्या खरड छाटणीला अजून पंधरवडा होता. सोलापूरकडच्या द्राक्ष बागायतदाराला वर्षभरात एवढीच काय ती उसंत मिळते. ती साधून मी आणि धाकटा भाऊ दक्षिण आफ्रिकेतील केप टाउनला गेलो.

एका बाजूला अटलांटिक महासागर आणि दुसऱ्या बाजूला १,०८५ मीटर उंचीचा, सपाट माथ्याचा टेबल माउंटन यांच्या बेचक्यात हे शहर वसले आहे. त्या डोंगरावर १९२९ पासून रोपवे आहे. परंतु पहिले दोन दिवस आग्नेयेचा वारा इतका सुटला होता की तो बंदच राहिला. शहराची हवा झाडून स्वच्छ करतो म्हणून तिथले लोक या वाऱ्याला ‘केप डॉक्टर’ म्हणतात. आम्ही मात्र टोप्या सांभाळत बो-काप वस्तीतील रंगीत घरे पाहण्यात वेळ काढला. तिसऱ्या दिवशी वारा पडला. पाळण्याची जमीन वर जाताना गोल फिरत असल्याने खिडकीसाठी धक्काबुक्की करावी लागत नाही, ही सोय भावाला समुद्रापेक्षाही आवडली. माथ्यावरून रॉबेन बेट दिसले. नेल्सन मंडेला यांच्या २७ वर्षांच्या तुरुंगवासापैकी १८ वर्षे तिथे गेली, हे ठाऊक असल्यामुळे त्या चपट्या ठिपक्यावरून नजर लवकर हटली नाही.

याच शहरात २०१८ च्या दुष्काळात माणशी रोज ५० लिटर पाण्याची मर्यादा घातली होती. आठवड्यातून एकदा नळाला पाणी येण्याची सवय असलेल्या आम्हा सोलापूरकरांना त्या आकड्याचे अप्रूप वाटले नाही. मात्र समोर अथांग समुद्र असताना ही वेळ यावी, याचे वाटले.

केप टाउनपासून सुमारे ५० किलोमीटरवर स्टेलनबॉश आहे. सायमन फान डेर स्टेल या डच गव्हर्नराने १६७९ मध्ये वसवलेल्या या गावात ओकची जुनी झाडे, पांढऱ्या भिंती आणि नक्षीदार दर्शनी त्रिकोण असलेली घरे आहेत. आमचे पाय मात्र थेट मळ्याकडे वळले. काबर्ने सोव्हिन्यो या काळ्या वाणाची तोडणी शेवटच्या टप्प्यात होती. आमच्याकडे वेली मांडवावर चढवलेल्या असतात आणि घड डोक्यावर लोंबतात. इथे तारांवर ताठ उभ्या केलेल्या वेलींना गुडघ्याच्या उंचीवर घड होते. एक मणी तोंडात टाकला. वाटाण्याएवढा आकार, जाड साल, दोन कडक बिया, आणि गोडी मात्र जीभ चिकटावी इतकी. मणी लांब व्हावा म्हणून आम्ही घड जीए या वाढ-संजीवकाच्या द्रावणात बुडवतो, विरळणीवर मजुरी घालतो. रंग आणि स्वाद सालीत असतो, त्यामुळे वाईनसाठी मणी जितका लहान तितका चांगला, असे मुकादमाने सांगितले, तेव्हा भाऊ हळूच म्हणाला, “दादा, हा माल आपल्याकडं बेदाण्यालासुद्धा कुणी घेणार नाही.”

पिनोटाज हा तिथला मानाचा वाण. अब्राहम पेरोल्ड यांनी १९२५ मध्ये पिनो न्वार आणि सॅंसो यांच्या संकरातून तो स्टेलनबॉशमध्येच तयार केला. थॉमसन या वाणातून निवडलेला सोनाका हा द्राक्षवाण आमच्या सोलापूरजवळच्या नान्नजचा, त्यामुळे आपल्या मातीतल्या वाणाबद्दल बोलताना त्या मुकादमाच्या आवाजात आलेली ऐट ओळखीची वाटली. वाईन मी घोटभर चाखली आणि तिथल्या रीतीप्रमाणे भांड्यात थुंकून टाकली. पुढे १६८८ पासून फ्रेंच ह्युगेनॉट, म्हणजे प्रोटेस्टंट पंथाचे, निर्वासित येऊन राहिले ते फ्रान्सहुक पाहिले. देखणे आहे, पण सगळे पाहुण्यांसाठी मांडून ठेवल्यासारखे वाटले.

रात्री अण्णांना फोन केला. ते माळकरी, त्यामुळे वाईनचा विषय मी काढला नाही. त्यांनी समुद्राचे विचारले नाही की डोंगराचे. “एकरी किती टन काढतात?” चांगल्या वाईनसाठी मुद्दाम तीनच्या आसपास ठेवतात, असे मी सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

“तीन टनात भागतं होय त्यांचं?” अण्णा म्हणाले. “बरं, छाटणीची टोळी सोमवारी येणार आहे. विमान चुकवू नका.”