तुम्ही विचारलंत म्हणून: ती रायफल माझ्या घरी आहे का?

साताऱ्यात कोणाच्याही लग्नाकार्याला गेलो, की पंगत बसेपर्यंतच्या वेळात एखादा तरुण जवळ येऊन हलकेच विचारतो, “काका, रणगाडा फोडणारी रायफल खरेच तुमच्या घरी आहे का? कधी चालवली आहे का?” तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून एकदा सविस्तर लिहितो. घरी नाही. असले हत्यार आपल्याकडे नेहमीच्या परवान्यावर बाळगता येत नाही, आणि येत असते तरी ते आमच्या माडीच्या जिन्यावरून वर गेले नसते. माझ्याकडे आहेत ती जुनी प्रशिक्षणपत्रके, काही फोटो आणि वडिलांनी सांगितलेल्या हकिकती. चालवली मात्र आहे, तीही एकदाच.

वडील मराठा पलटणीत होते आणि 1941 साली एरिट्रियातल्या केरेनच्या लढाईत उतरले होते. त्यांच्या तुकडीत ‘बॉईज’ ही ब्रिटिश रायफल होती. नळीचा व्यास 0.55 इंच, लांबी पाच फुटांहून जास्त आणि वजन पस्तीस रत्तल, म्हणजे सुमारे 16 किलो. वडील रणगाड्यांविषयी फारसे बोलत नसत, चढाविषयी बोलत. अजिंक्यताऱ्याची वाट भर उन्हात हे धूड खांद्यावर घेऊन चढायची आणि माथ्यावर कोणीतरी आपल्यावर गोळ्या झाडायलाच बसलेले असायचे, असे ते सांगत. ही हकिकत सांगताना त्यांचा डावा हात नकळत उजव्या काखेखाली जाई. तो संधिवात असावा, अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती.

या जातीच्या हत्याराचे आयुष्य फार थोडे. रणगाडे 1916 मध्ये रणांगणावर आले आणि 1918 मध्ये जर्मनांनी त्यांच्यावर 13.2 मिलिमीटरची माउझर रायफल काढली. बॉईज 1937 ची. जिच्यावर नाव लागले ते कॅप्टन बॉईज ती स्वीकारली जाण्याच्या थोडे आधी वारले. शंभर यार्डांवरून ती सुमारे 23 मिलिमीटर पोलाद भेदत असे, त्यामुळे इटलीच्या छोट्या, पातळ पत्र्याच्या गाड्यांपुढे तिचा निभाव लागला. पण जर्मन रणगाड्यांचे समोरचे चिलखत 30 मिलिमीटर आणि पुढे त्याहूनही जाड झाले, तेव्हा ती नुसते ओझे ठरली. 1943 पासून तिची जागा ‘पियाट’ या रणगाडाविरोधी हत्याराने घेतली. त्याचा गोळा वेगाच्या बळावर नव्हे, तर स्फोटाची ताकद एका जागी एकवटून चिलखत भेदत असे. गोळीच्या वेगाची मर्यादा आधी कळायला हवी होती, असे माझे मत. पण घरी बसून मत देणे सोपे आहे.

मुलगा टेक्ससमध्ये असतो. त्याच्या ओळखीच्या एका संग्राहकाकडे बॉईज होती, मात्र नळी बदलून अर्ध्या इंचाची केलेली. अमेरिकेत 1968 च्या कायद्यानुसार अर्ध्या इंचाहून मोठ्या नळीच्या बहुतेक हत्यारांची स्वतंत्र नोंदणी करावी लागते आणि मूळ काडतुसेही दुर्मीळ आहेत, म्हणून अनेकांनी असा बदल करून घेतला. नळीच्या दणक्याने धूळ उडू नये म्हणून त्या संग्राहकाने आधी समोरच्या जमिनीवर पाणी शिंपडले. मी पालथा झोपलो, दस्ता उजव्या खांद्याला लावला आणि डावा हात कुठे ठेवायचा असे विचारले. त्याने तो धरून दस्त्याखालच्या मुठीवर ठेवला, अगदी उजव्या काखेखाली. मी क्षणभर चाप ओढायचे विसरलो.

दणका थपडेसारखा नव्हता. आतल्या स्प्रिंगवर नळीच मागे सरकते, त्यामुळे बैलाने शिंगे न लावता नुसते कपाळाने रेटावे तसे वाटले. धूळ मात्र पाणी शिंपडूनही दातांत आली. पेटीत पाच काडतुसे होती. मी दोन झाडली आणि उरलेली मुलाला दिली. त्याने एकच झाडली.