गाडीत टॅबलेट आला तेव्हापासून

अँब्युलन्सवर आमचं काम आधी ठरलेलं होतं, पेशंट घ्यायचा, ऑक्सिजन, बीपी, शुगर, नस सापडली तर सलाईन, आणि वाटेतून हॉस्पिटलला फोन की छातीत दुखणारा पेशंट आणतोय, बास. मग गाडीत टॅबलेट आला, त्याला ईसीजी मशीन जोडलेलं, वर कॅमेरा, आणि सांगितलं की आता डॉक्टर तुमच्यासोबत गाडीतच असतील. ट्रेनिंग झालं हॉलमध्ये, शांत झोपलेल्या माणसावर. खरं शिकलो ते सगळं चालत्या गाडीत.

हार्ट अटॅकचा पेशंट घामाने निथळत असतो, ईसीजीचे इलेक्ट्रोड, म्हणजे छातीवर लावायच्या चकत्या, चिकटतच नाहीत. आधी टॉवेलने छाती कोरडी पुसायची, केस दाट असतील तर तेवढ्यापुरते काढायचे, मग बरगड्या बोटाने मोजत व्ही-वन, व्ही-टू नावाचे इलेक्ट्रोड बरगड्यांमधल्या चौथ्या गॅपमध्ये, व्ही-फोर पाचव्यात. घाईत व्ही-वन, व्ही-टू हमखास वर लागतात. सुरुवातीला हॉस्पिटलला पोचल्यावर ते परत ईसीजी काढायचे म्हणून चालून जायचं, आता आम्ही पाठवलेल्या ईसीजीवर रात्री दोन वाजता अँजिओप्लास्टीची, म्हणजे हृदयाची बंद नस उघडणारी, टीम घरून निघते, त्यामुळे बरगडी मोजताना मी खूप जपून मोजते.

आणि गाडी हलली की ईसीजीची रेघ नुसती थरथरते, कोणालाच काही वाचता येत नाही. म्हणून बाजूला थांबायचं. रेकॉर्डिंग १० सेकंदांचंच असतं, पण नातेवाईक ओरडतात की थांबलात कशाला, आणि त्यांचं काहीच चुकत नाही, त्यांचं माणूस तिथं पडलेलं असतं. आता मी थांबायच्या आधीच सांगते, "काका, हे एवढं पाठवलं की तिकडची माणसं आत्तापासून तयारीला लागतील." पहिला ईसीजी पेशंटजवळ पोचल्यापासून १० मिनिटांच्या आत निघायला हवा आणि बंद पडलेली नस ९० मिनिटांत उघडायला हवी, असा हिशोब असतो, त्यात ही थांबलेली वेळ वायाची नाही, कमाईची आहे.

आमच्यातले एक दादा, वीस वर्षं गाडीवर, ते पहिल्या आठवड्यातच म्हणाले, मी पेशंट बघू का स्क्रीन? मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं की प्रश्न अगदी बरोबर होता. मागे माणसं दोन, हात चार, त्यातला एक टॅबलेट धरण्यात गेला तर नस कोण शोधणार, आणि रक्ताने ओले ग्लोव्हज घालून टचस्क्रीनही चालत नाही. मग आम्हीच मागे लागून टॅबलेट स्टँडवर बसवून घेतला आणि कॉल पेशंटला गाडीत घ्यायच्या आधी जोडायचं ठरवलं. पण दादा खरे बदलले ते एका मेसेजने. हॉस्पिटलमधून निरोप आला की तुम्ही पाठवलेल्या ईसीजीवरून टीम आधीच बोलावली होती, नस उघडली, पेशंट आता चालतोय. वीस वर्षं पेशंट दारात सोडून यायचे, पुढं काय झालं कधी कोणी कळवलंच नव्हतं. नवीन काही आणताय ना, तर हा निरोप पाठवायची सोय सगळ्यात आधी करा असं माझं अगदी कळकळीचं सांगणं आहे.

बोलणंही बदललं. कॅमेऱ्याला चेहरा दिसतो पण हात गार पडलेत, नाडी बारीक लागतेय, श्वासाला वास येतोय हे दिसत नाही, ते मोठ्याने सांगावं लागतं. डॉक्टरांनी औषध सांगितलं की नाव, डोस, नसेतून की कसं, हे सगळं परत म्हणायचं, ते हो म्हणाले की मगच इंजेक्शन. स्ट्रोकमध्ये, म्हणजे मेंदूच्या झटक्यात, तर पेशंटला शेवटचं नीट कधी पाहिलं हा प्रश्न डॉक्टरांनीच घरच्यांना विचारलेला बरा, कारण "आत्ताच झालं" म्हणणारे खोदून विचारल्यावर सांगतात की रात्री झोपताना ठीक होते, आणि गुठळी विरघळवायच्या औषधाचे साडेचार तास तिथून मोजायचे असतात.

रेंज गेली की व्हिडिओ आधी अडकतो. मग साधा फोन, तोही नाही लागला तर लेखी प्रोटोकॉल, पण हात थांबवायचे नाहीत.

मला ईसीजीचं मशीन बनवणारे डच शास्त्रज्ञ आइन्थोव्हेन आठवतात. १९०५ मध्ये नेदरलँड्समधल्या लेडनला त्यांनी हॉस्पिटलमधल्या पेशंटचा ईसीजी टेलिफोनच्या तारेवरून सुमारे दीड किलोमीटर लांबच्या आपल्या लॅबमध्ये घेतला, कारण मशीन एवढं अवजड की पेशंटपर्यंत नेताच येत नव्हतं. तेव्हा इलेक्ट्रोड म्हणजे मिठाच्या पाण्याची भांडी. तिकडच्या टोकाला पेशंटचे हात त्या पाण्यात नीट ठेवून घेणारं कोणीतरी उभं असणारच, मी नेहमी त्या माणसाचा विचार करते.

मध्ये एक स्क्रीनवरचे डॉक्टर स्वतःहून एक रात्र आमच्यासोबत गाडीत बसले, खड्ड्यातून जाताना वरची दांडी धरून. तेव्हापासून ते ईसीजी मागायच्या आधी विचारतात, गाडी थांबली का?